मेरी कार्टराइट आणि रेडिओवाल्यांचं बेभरवशाचं समीकरण

जानेवारी १९३८ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे एक पत्रक आलं. ब्रिटिश सरकारच्या सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च खात्याखाली रेडिओ रिसर्च बोर्ड होतं, पत्रक त्यांचं. म्हणणं एवढंच की रेडिओच्या कामात आम्हाला काही नॉनलिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स (एखादी गोष्ट क्षणाक्षणाला कशी बदलते ते सांगणारी, पण सरळ हिशोबात न बसणारी समीकरणं) सारखी आडवी येतात, ती काही आमच्याच्यानं उलगडत नाहीत, तुमच्यापैकी कुणी लक्ष घालेल का. युद्ध अजून सुरू व्हायचं होतं पण रडारचं काम गुपचूप चालू होतं आणि त्यामागची घाई खरी होती. ते पत्रक मनावर घेतलं केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातल्या सदतीस वर्षांच्या मेरी कार्टराइट यांनी, आणि त्यांच्या तोवरच्या संशोधनाचा रेडिओशी काडीचा संबंध नव्हता.

केऑस थिअरीची, म्हणजे पक्क्या नियमातूनही अंदाज न लागणारी वागणूक कशी निघते त्या गणिताची, गोष्ट सांगताना बहुतेक जण १९६३ पासून सुरुवात करतात, एमआयटीमधले एडवर्ड लॉरेन्झ, त्यांचा कॉम्प्युटर, त्यांचं हवामानाचं मॉडेल. लॉरेन्झ यांचं काम मोठं आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या अठरा वर्षं आधी कागद-पेन्सिल घेऊन कार्टराइट आणि त्यांचे सहकारी जे. ई. लिटलवुड एका साध्या दिसणाऱ्या समीकरणात तसल्याच रानात शिरले होते, आणि तिथून जी वाट निघाली ती आजच्या डायनॅमिकल सिस्टिम्सपर्यंत सरळ येते. हे फारसं सांगितलं जात नाही कारण त्यांना नक्की काय सापडलं हे समजावणं जरा कटकटीचं आहे. मला वाटतं थोडा धीर धरला तर ते कुणालाही समजू शकतं, म्हणून हा लेख.

आधी बाईंबद्दल थोडं. जन्म १७ डिसेंबर १९०० चा, इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातलं एन्हो गाव, वडील तिथल्या चर्चचे रेक्टर. दोन मोठे भाऊ पहिल्या महायुद्धात मारले गेले. शाळेत त्यांचा आवडता विषय खरं तर इतिहास होता, पण इतिहासात पाठांतर फार, आणि गणितात लांबलचक याद्या न घोकताही पुढे जाता येतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९१९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात गणित शिकायला गेल्या तेव्हा अख्ख्या ऑक्सफर्डमध्ये गणित घेतलेल्या मुली फक्त पाच होत्या. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी वर्ग खच्चून भरलेले असायचे, कधीकधी आत जागाच मिळायची नाही, मग दुसऱ्या कुणाच्या नोट्स उतरवून घ्यायच्या. १९२१ च्या परीक्षेत सेकंड क्लास मिळाला आणि पुन्हा इतिहासाकडे वळावं का असा विचार त्यांनी गंभीरपणे केला होता. वळल्या नाहीत. एका ओळखीच्यानं सुचवलं की जी. एच. हार्डी संध्याकाळी एक वर्ग घेतात तिथे जाऊन बस (हार्डी म्हणजे रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे तेच), त्या गेल्या, आणि १९२३ मध्ये फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडल्या.

पुढची चार वर्षं त्यांनी शाळांमध्ये शिकवलं. आजच्या अकॅडमिक करिअरच्या हिशोबानं हा गॅप म्हणजे जवळजवळ शेवटच समजतात लोक, पण १९२८ मध्ये त्या डॉक्टरेटसाठी ऑक्सफर्डला परतल्या. गाइड हार्डी, आणि हार्डी वर्षभर प्रिन्स्टनला गेले तेव्हा गणितज्ञ टिचमार्श. १९३० मध्ये थीसिसच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते लिटलवुड, म्हणजे हार्डींचे आयुष्यभराचे जोडीदार. त्याच वर्षी गर्टनची यॅरो फेलोशिप मिळाली आणि त्या केंब्रिजला आल्या त्या कायमच्याच. तिथे काम होतं कॉम्प्लेक्स फंक्शन्सवर, त्यांचे शून्यबिंदू कुठे पडतात, ती किती वेगानं मोठी होतात असे शुद्ध गणितातले प्रश्न, आणि त्यात त्यांचं नाव चांगलं झालेलं होतं. म्हणजे सुरळीत चाललेली गाडी सोडून कुणा इंजिनिअर लोकांच्या पत्रकामागे जायची त्यांना काहीच गरज नव्हती, आणि मला त्यांचं हे जाणंच सगळ्यात जास्त भावतं.

आता मूळ विषय. डायनॅमिकल सिस्टिम म्हणजे दोनच गोष्टी. एक, एखाद्या वस्तूची या क्षणाची अवस्था, काही आकड्यांत लिहिलेली. दोन, पुढच्या क्षणी ती अवस्था कशी बदलेल याचा पक्का नियम. नशिबाचा, फाशांचा यात काही भाग नाही. झोक्याचं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. झोका आत्ता मधल्या रेषेपासून किती लांब आहे आणि किती वेगानं जातोय, हे दोन आकडे माहीत असले की बास, पुढचं सगळं नियमावरून ठरतं. दोन आकडे म्हणजे कागदावरचा एक बिंदू. झोका हलतो तसा हा बिंदू कागदावर एक वाट काढत जातो. एकदा ढकलून सोडलेला झोका हवेच्या आणि दोराच्या घर्षणानं मंद होत शेवटी थांबतो, म्हणजे ती वाट गोल गोल आत जात मध्यावर संपते. समीकरण सोडवून उत्तराचा फॉर्म्युला लिहून दाखवायचा हा जुना मार्ग, आणि फॉर्म्युला मिळणारच नसेल तर निदान या वाटांचा नकाशा कसा दिसतो ते शोधायचं, कुठल्या वाटा कुठे जाऊन मिळतात, कुठल्या बंद फेऱ्या आहेत, हा नवा मार्ग. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेन्री पॉइन्कारे यांनी फ्रान्समध्ये घालून दिला, ग्रहांच्या गतीवर काम करताना.

रेडिओवाल्यांना छळणारं समीकरण होतं बाल्थझार व्हॅन डर पोल यांचं. हे गृहस्थ हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला फिलिप्सच्या लॅबमध्ये होते, आणि ट्रायोड व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीच्या) सर्किटमध्ये करंट कसा झुलतो ते लिहिण्यासाठी त्यांनी १९२० च्या दशकात हे समीकरण मांडलं. आपल्या झोक्यात फक्त एक बदल करा. झोका मधल्या एका ठरलेल्या पट्ट्याच्या आत असेल तर घर्षण उलटं काम करतं, म्हणजे थांबवायच्या ऐवजी ढकलतं, आणि त्या पट्ट्याच्या बाहेर गेला की मात्र घर्षण नेहमीसारखं धरून ठेवतं. व्हॉल्व्ह बॅटरीतून एनर्जी ओढून हेच करतो. याचा परिणाम असा की असा झोका कधी थांबत नाही आणि कधी हाताबाहेरही जात नाही, अगदी हलका धक्का देऊन सोडा नाहीतर जोरात भिरकावून द्या, थोड्या वेळानं तो एकाच ठरलेल्या लयीत येतो. नकाशावर ती एक बंद फेरी दिसते आणि आजूबाजूच्या सगळ्या वाटा तिच्यात येऊन मिळतात. याला लिमिट सायकल म्हणतात. रेडिओ ट्रान्समीटरला नेमकं हेच हवं असतं, न थांबणारी एकसारखी लय.

या समीकरणात एक आकडा असतो, त्याला के म्हणतात, हे उलटसुलट घर्षण किती जोराचं आहे ते त्यातून कळतं. के लहान असला तर झुलणं गुळगुळीत, ओळखीचं. के मोठा केला की चाल पार बदलते, बराच वेळ संथपणे सरकत राहतं, २ वरून हळूहळू १ पर्यंत येतं, आणि मग एकदम झपकन उणे २ वर उडी. तिथून पुन्हा संथपणे उणे १ पर्यंत, आणि परत उडी. व्हॅन डर पोल यांनी याच कल्पनेवरून हृदयाच्या ठोक्यांचंही इलेक्ट्रिकल मॉडेल बनवलं होतं, आणि आज न्यूरॉनच्या सिग्नलचा अभ्यास करणारेही या समीकरणाच्या भावंडांबरोबर काम करतात.

इथपर्यंत सगळं शिस्तीत आहे. गडबड होते ती बाहेरून आणखी एक नियमित धक्का दिल्यावर. म्हणजे स्वतःची लय असलेल्या झोक्याला दुसरं कुणीतरी स्वतःच्या ठेक्यात ढकलत राहिलं तर. व्हॅन डर पोल आणि त्यांचे सहकारी व्हॅन डर मार्क यांनी १९२७ मध्ये निऑन लॅम्पच्या सर्किटवर हा प्रयोग केला आणि टेलिफोनच्या रिसिव्हरमधून कान देऊन ऐकलं. सर्किटमधला कपॅसिटर वाढवत नेला की ऐकू येणारा सूर हळूहळू खाली यायच्या ऐवजी टप्प्याटप्प्यानं उड्या मारत उतरत होता, बाहेरच्या ठेक्याच्या निम्मा, मग तिसरा हिस्सा, मग चौथा, असं करत पार चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत. आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायच्या आधी बऱ्याचदा रिसिव्हरमध्ये एक वेडावाकडा खरखराट ऐकू यायचा. त्यांनी तो नोंदवला आणि दुय्यम म्हणून बाजूला ठेवला. त्यांचा भर ठेका विभागण्यावर होता त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही, पण अकरा वर्षांनी रेडिओवाले मदत मागत आले ते याच घरातल्या समीकरणांपायी.

कार्टराइट यांनी काही काळ एकटीनं वाचन केलं आणि मग हे लिटलवुड यांच्यासमोर ठेवलं. लिटलवुड पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या गणितावर काम करून आलेले, त्यामुळे समीकरणाच्या प्रत्येक उत्तराकडे ते उडत जाणाऱ्या गोळ्याची वाट म्हणून बघायचे, आता कुठे आहे, वेग किती, किती उंच जाईल, कुठे पडेल. कार्टराइट यांच्याकडे पॉइन्कारे आणि टोपॉलॉजीवाल्यांच्या (आकार ताणले-वाकवले तरी काय बदलत नाही ते शोधणाऱ्यांच्या) कल्पना होत्या. हे जमणं सोपं नव्हतं, लिटलवुड समोर बसून चर्चा करण्यापेक्षा लिहून कळवणं पसंत करणारे, त्यामुळे बरंचसं काम चिठ्ठ्यापत्रांतून झालं. त्यातच युद्ध सुरू झालं, कार्टराइट कॉलेजच्या रेड क्रॉस तुकडीचंही बघत होत्या, शिकवणं तर होतंच. वर्षानुवर्षं हाती काही लागेल अशी चिन्हं नसताना दोघं त्या समीकरणाला धरून बसले, हे लिटलवुड यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय.

मग काय सापडलं? धक्क्याचा जोर मोजणारा एक आकडा आहे, त्याला बी म्हणू. के मोठा असताना बी दोन-तृतीयांशपेक्षा जास्त असेल तर सगळं सोपं आहे, झोका आपली लय सोडून देतो आणि बाहेरच्या ठेक्यात नाचायला लागतो, कुठूनही सुरुवात करा शेवट तोच. (दोन-तृतीयांश हा आकडा प्रयोगातून आलेला नाही, तो समीकरणातल्या घन पदाच्या वळणावरून थेट निघतो.) बी त्याच्या खाली आला की मात्र झोका ठेक्याचे बरेच फेरे एका बाजूला सरकत काढतो आणि मग उडी मारतो, आणि त्याची पूर्ण फेरी बाहेरच्या ठेक्याच्या विषम पटीत बसते, समजा ९ पट किंवा ११ पट. विषमच का, तर झोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत आणि बाहेरचा धक्काही अर्ध्या फेऱ्यानंतर बरोबर उलटा होतो, त्यामुळे या बाजूची चाल त्या बाजूला तशीच उमटायची तर मध्ये पूर्ण फेरे आणि वर एक अर्धा असाच वेळ जावा लागतो, आणि दोन बाजूंची बेरीज विषमच येते.

बीच्या काही किमतींना एकच अशी टिकाऊ लय मिळते. पण मधल्या काही पट्ट्यांत दोन मिळतात, म्हणजे त्याच झोक्याला, त्याच धक्क्यात, ९ पटीची लयही पक्की आणि ११ पटीचीही पक्की. कुठली मिळणार ते सुरुवात कुठून केली यावर. हेच आधी चकित करणारं आहे. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की काही सुरुवाती ९ कडे जातात आणि काही ११ कडे, तर मग या दोन प्रदेशांची हद्द कशी दिसते, आणि बरोब्बर हद्दीवर उभं राहिलं तर काय होतं?

याचं उत्तर उडीच्या काठावर आहे. संथ सरकत सरकत झोका काठाशी येतो, तिथे बाहेरचा धक्का ठरवतो की उडी आत्ता मारायची की ठेक्याचा आणखी एक फेरा थांबून मग मारायची. बहुतेक वाटांचा निकाल इथे स्पष्ट लागतो. पण आत्ता आणि नंतर यांच्या मध्ये एक केसाएवढी फट आहे, आणि त्या फटीतून येणाऱ्या, एकमेकींना अगदी खेटून असलेल्या वाटा इथून पुढे साफ वेगळ्या होतात. के जितका मोठा तितकी ही फट जास्त बारीक. आता फटीतून गेलेली एखादी वाट पुढच्या काठाला येते, तिथे पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा फट. पुढच्याला पुन्हा. म्हणजे हद्दीवर अशा वाटा आहेत ज्या प्रत्येक वेळी लहान थांबा घेतात की मोठा, हे तुम्ही आधी लिहून ठेवलेल्या कुठल्याही यादीप्रमाणे होऊ शकतं. लहान-मोठा-मोठा-लहान, अशी नाणं उडवून मनाला येईल तशी यादी करा, तंतोतंत तशी वागणारी एक वाट त्या समीकरणात असतेच. नियम पूर्ण पक्का, कुठेही नशीब नाही, आणि तरी आत नाणेफेकीएवढी अनिश्चितता भरून आहे. मला हे जेव्हा नीट कळलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही करू शकलो नाही, कारण साध्या, खात्रीच्या नियमातून असं काही निघू शकतं हे नुसतं ऐकणं वेगळं आणि त्यामागची यंत्रणा डोळ्यांसमोर येणं वेगळं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण तिच्यात हमखास घोटाळा होतो. लॉरेन्झ यांच्या सिस्टिममध्ये सगळ्या वाटा त्या वेड्यावाकड्या भागाकडे ओढल्या जातात आणि तिथेच कायम फिरतात. कार्टराइट-लिटलवुड यांच्यात तसं नाही. इथे तो विचित्र भाग हद्दीवर आहे, त्याचं क्षेत्रफळ शून्य, तिथे कुणी टिकून राहत नाही, आज ना उद्या झोका ९ मध्ये किंवा ११ मध्ये पडतोच. पण पडायच्या आधी तो किती वेळ भरकटेल आणि शेवटी कुठल्या लयीत जाईल याचा अंदाज हद्दीजवळून सुरुवात केली तर लागत नाही. निऑन लॅम्पच्या सर्किटमध्ये टप्पा बदलताना होणारी गडबड आणि हे, यांचा संबंध नंतरच्या लोकांना दिसला.

हे सगळं १९४५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एका छोट्या पेपरमध्ये आलं, आणि त्यात सिद्धता जवळजवळ नव्हत्याच, फक्त काय काय खरं आहे ते लिहिलेलं. सविस्तर सिद्धता लिटलवुड यांनी १९५७ मध्ये छापल्या, आणि त्या इतक्या किचकट आहेत की त्या पूर्ण वाचलेली माणसं फार थोडी असतील. मधल्या काळात, १९५१ मध्ये, दोघांनी त्या हद्दीच्या आकारावरून टोपॉलॉजीतलं एक फिक्स्ड पॉइंट थिअरम (सगळं हलवलं तरी एखादा बिंदू जागच्या जागी राहतोच, अशा प्रकारचं विधान) सिद्ध केलं, ते आजही त्यांच्या दोघांच्या नावानं ओळखलं जातं. रेडिओच्या प्रश्नातून निघून तुकडे न पडणाऱ्या विचित्र आकारांच्या गणितात पोचणं म्हणजे केवढा प्रवास आहे बघा.

मग रेडिओवाल्यांचं काय झालं? तयार फॉर्म्युला त्यांना मिळाला नाही. १९४२ मध्ये केंब्रिजला कार्टराइट यांचं व्याख्यान ऐकलेले, पुढे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन नंतर सांगायचे की सैन्यातले लोक भलतंच वागणाऱ्या अॅम्प्लिफायरबद्दल बनवणाऱ्यांना दोष देत होते, आणि या दोघांनी दाखवून दिलं की बनवणाऱ्यांचा दोष नाही, समीकरणच तसं आहे. डायसन यांनी त्यांचं असं जाहीर कौतुक केल्यावर कार्टराइट यांनी त्यांना रागाचं पत्र लिहिलं, की तुम्ही मला माझ्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय देताय.

श्रेयाचं म्हणाल तर ते दुसऱ्या रस्त्यानं पसरलं. एमआयटीमधले नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४९ मध्ये त्या समीकरणाची सोपी आवृत्ती घेतली, वाकडी रेघ काढून तुकड्यातुकड्यांची सरळ रेघ घातली, आणि तीच नाणेफेकीसारखी वागणूक स्वच्छ दाखवली. १९६० मध्ये अमेरिकन गणितज्ञ स्टीफन स्मेल रिओ दि जानेरोला होते, तेव्हा त्यांचा अंदाज होता की धक्का लागूनही न बदलणाऱ्या पक्क्या सिस्टिम्समध्ये बंद फेऱ्या मोजक्याच असणार. लेव्हिन्सन यांचं पत्र आलं, की असं नाही, हे बघ उलट उदाहरण. स्मेल यांनी ते पानच्या पानं गणित उलगडून त्यातलं चित्र बाहेर काढलं, एक चौकोन लांब ताणायचा, घोड्याच्या नालेसारखा वाकवायचा आणि पुन्हा मूळ जागेवर ठेवायचा, हेच पुन्हा पुन्हा. हाच स्मेल यांचा हॉर्सशू. काठावरची ती बारीक फट म्हणजे ताणणं, आणि दोन्ही बाजूंच्या उड्या पुन्हा त्याच जागी येणं म्हणजे वाकवून परत ठेवणं. आज डायनॅमिकल सिस्टिम्स शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हॉर्सशू शिकतो, पण तो व्हॉल्व्हच्या समीकरणातून आला हे त्यातल्या किती जणांना कोणी सांगतं कोण जाणे. केऑस हे नाव गणितात रुळलं ते तर आणखी पुढे, १९७५ च्या ली आणि यॉर्क यांच्या पेपरनंतर.

कार्टराइट यांच्या करिअरचं पुढचं भराभर सांगतो कारण मानसन्मानांची यादी इंटरनेटवर कुठेही सापडेल. १९४७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या महिला गणितज्ञ, आणि हे लक्षात ठेवा की केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती त्याच्यानंतर, १९४८ मध्ये. १९४९ मध्ये त्या अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेल्या तेव्हा प्रिन्स्टनमध्ये महिला प्रोफेसर हा प्रकारच नसल्यामुळे त्यांची नोंद कन्सल्टंट म्हणून झाली. त्याच वर्षी त्या गर्टनच्या प्रमुख झाल्या आणि १९६८ पर्यंत राहिल्या. एकोणीस वर्षं कॉलेज चालवणं म्हणजे कमिट्या, इमारती, पैसे, भांडणं, आणि त्यातून वेळ काढून संशोधन, मला वाटतं या पदामुळे गणिताचं थोडं नुकसानच झालं असेल, पण गर्टनच्या मुलींच्या कित्येक पिढ्यांना ते पटणार नाही. १९६१ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष, १९६४ मध्ये सिल्व्हेस्टर मेडल, १९६८ मध्ये डी मॉर्गन मेडल, १९६९ मध्ये डेम (सर या किताबाचं बायकांसाठीचं रूप). ३ एप्रिल १९९८ रोजी त्या केंब्रिजमध्ये वारल्या, वय ९७.

आणि ते समीकरण अजून संपलेलं नाही. गणितज्ञ जॉन गकेनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर संथ चाल आणि झटपट उडी वेगवेगळी करून बघायच्या नव्या पद्धतीनं ते पुन्हा हाती घेतलं, कॉम्प्युटरवर काठावरची ती फट आणि तिच्यातून जाणाऱ्या वाटा तपशिलात तपासल्या, आणि २००९ मध्ये राडू हायडुक यांनी व्हॅन डर पोल यांच्या मूळ समीकरणात, म्हणजे लेव्हिन्सन यांच्या सोप्या आवृत्तीत नव्हे, धक्का दिलेल्या खऱ्या समीकरणात, स्मेल यांचा हॉर्सशू आहे याची सिद्धता प्रसिद्ध केली.